न आलेल्या रुग्णांची यादी

सपाटीच्या भागात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. या तीस हजारांत पंधरा वर्षांवरची माणसे साधारण बावीस हजार निघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार, देशातल्या या वयोगटातील २१ टक्के स्त्रियांचा आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी त्यांच्या गोळ्या चालू होत्या. या हिशेबाने एका केंद्राच्या वाट्याला बीपीचे सुमारे पाच हजार रुग्ण येतात. प्रत्येकाने महिन्यातून एकदा यायचे ठरवले आणि कामाचे दिवस पंचवीस धरले, तर रोजचे दोनशे. लसीकरण, बाळंतपणे, विंचूदंश आणि तापाची रांग यांची यात गणतीच नाही.

रोज असे दोनशे रुग्ण येत नाहीत, हे ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला ठाऊक आहे. येत नाहीत म्हणूनच ओपीडी चालते.

मग बाकीचे कुठे असतात? साथरोगशास्त्रात याचे एक जुने, ढोबळ उत्तर आहे. रक्तदाब असलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो असल्याचे कळलेले असते, कळलेल्यांपैकी निम्मे उपचार घेतात आणि उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात असतो. पाच हजारांचे अडीच हजार, त्यांचे साडेबाराशे आणि शेवटी सव्वासहाशे. प्रत्यक्ष आकडे जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे असतील, पण उतरण हीच. येत्या १७ मे रोजी जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त गावोगावी शिबिरे होतील, फलक लागतील, सकाळी प्रभातफेऱ्या निघतील. शिबिराने फक्त पहिली पायरी ओलांडली जाते. बीपी १६० आहे हे त्या माणसाला कळते. तीन महिन्यांनी तो गोळी घेतो आहे का, हे शिबिराच्या वहीत सापडत नाही.

हा प्रश्न एका खेड्यातल्या डॉक्टरने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी हाताळला होता. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळसाखाणीच्या गावात दवाखाना चालवत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या यादीतल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचे ठरवले. माणूस घसा दुखतो म्हणून आला तरी त्याच्या दंडाला पट्टा बांधला जाई, आणि जे दवाखान्याकडे फिरकतच नसत त्यांचा पाठपुरावा होई. हे काम त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ चालवले. शेजारच्या तशाच गरीब गावाच्या तुलनेत ग्लिनकॉरगमध्ये अकाली मृत्यूंचे प्रमाण कमी असल्याचे त्यांनी १९९१ मध्ये मांडले. त्याआधी १९७१ मध्ये ‘द लॅन्सेट’मधल्या लेखात त्यांनी दाखवून दिले होते, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि जिथे बाजाराचा जोर जास्त तिथे ही तफावत अधिक वाढते.

हार्ट यांची चिकाटी मोठीच, पण त्यांच्या हाताशी एक गोष्ट आयती होती. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत प्रत्येक नागरिकाचे नाव कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे नोंदलेले असते. त्यामुळे कोण आले नाही हे त्यांना कळू शकत होते. आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरकडे अशी यादी नसते. त्याच्याकडे आलेल्यांचे केसपेपर असतात. न आलेला रुग्ण बरा झाला, दुसरीकडे गेला, की गोळ्या बंद करून घरी बसला, हे त्याला कळायला मार्ग नाही.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमके इथे बोट ठेवले. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश आणि तेलंगणा ही बाकीची. त्यात नवे औषध नव्हते की महागडे यंत्र नव्हते. राज्याने ठरवून दिलेली मोजकी औषधे, ती ठराविक क्रमाने वाढवायची पद्धत, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, आणि प्रत्येक रुग्णाचे कार्ड. औषधे मोजकी ठेवल्यामुळे किती साठा लागेल याचा आगाऊ अंदाज बांधता येतो आणि केंद्रातली खोकी रिकामी पडत नाहीत. मात्र या उपक्रमातला सर्वांत धारदार भाग हिशेबाचा आहे. नोंदणी झालेल्या रुग्णांपैकी ठरलेल्या तिमाहीत जो आलाच नाही, तो हिशेबातून गळत नाही. तो छेदात राहतो. समोर आलेल्या शंभरांपैकी ऐंशी जणांचा बीपी १४०/९०च्या खाली असला, तरी नोंद दोनशेंची असेल तर नियंत्रण ऐंशी टक्के ठरत नाही, चाळीस टक्के ठरते. खाजगी डॉक्टरांपैकी किती जण हा हिशेब स्वतःला लावतील?

अर्थात, रोजच्या दोनशे रुग्णांचे गणित डॉक्टर एकट्याने सोडवूच शकत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला हेच दाखवले. गावाने निवडलेल्या, बहुतेक अल्पशिक्षित किंवा निरक्षर बायका प्रशिक्षणानंतर गावाच्या आरोग्याचा मोठा भार पेलू शकतात. २००५ नंतर आलेली आशा स्वयंसेविका आणि आता उपकेंद्रावर बसणारा समुदाय आरोग्य अधिकारी याच विचाराचे वारस म्हणायला हवेत. स्थिरावलेल्या रुग्णाचा बीपी उपकेंद्रात मोजला गेला, गोळ्या तिथेच मिळाल्या आणि डॉक्टरकडे फक्त बिघडलेले रुग्ण आले, तर दोनशेचा आकडा आवाक्यात येतो.

इथे हमखास एक आक्षेप येतो. रुग्णाने स्वतः काही करायचे की नाही? चालायला कोण जाणार, मीठ कोण कमी करणार, तंबाखू कोण सोडणार?

आक्षेप रास्त आहे, पण त्यामागची कल्पना अपुरी आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये मांडलेला विचार वैद्यकीय विद्यार्थी परीक्षेपुरता वाचतात आणि व्यवसायात विसरतात. जास्त धोका असलेल्या थोड्या लोकांपेक्षा, थोडा धोका असलेल्या पुष्कळ लोकांमधून रोगाचे अधिक रुग्ण निघतात. म्हणून ‘तुमचा बीपी जास्त आहे, तुम्ही मीठ कमी करा’ हा सल्ला एका ताटापुरता राहतो. घरातली आमटी सगळ्यांची एकच असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची, म्हणजे जेमतेम एक चमचा. चौघांच्या घरात महिन्याला सहाशे ग्रॅम. तेव्हा ‘मीठ कमी खाता ना?’ असे विचारण्यापेक्षा ‘किलोची पुडी किती दिवस पुरते?’ असे विचारावे. तीस दिवसांत संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलेच, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, बाहेरचा वडापाव अजून धरलेला नाही. हा प्रश्न स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसमोर विचारला तर उत्तर खरे मिळते.

फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांतात १९७२ पासून पेक्का पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले, ते याच दिशेचे होते. हृदयविकाराने तिथले कर्ते पुरुष जगात सर्वाधिक प्रमाणात मरत होते. उपाय फक्त दवाखान्यात शोधले नाहीत. महिला मंडळे पाककृती बदलायला पुढे आली, दुग्धव्यवसाय आणि खाद्य उद्योगाला सोबत घेतले, काही गवळी शेतकरी बेरी पिकवू लागले. चार दशकांत कर्त्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू चार पंचमांशाहून अधिक घटले. प्रत्येकाने मनाचा निश्चय केला म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. निरोगी वागणे सोपे पडावे अशी बाजारपेठ आणि स्वयंपाकघर तयार झाले.

महाराष्ट्रातली परिस्थिती मात्र अनेकांच्या बाबतीत उलटी आहे. बीडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि पाच-सहा महिने फडावर राहतो. त्याचे कार्ड गावच्या केंद्रात, गोळ्या एका महिन्याच्या. मागच्या तिमाहीत नियंत्रणात असलेला हा माणूस पुढच्या तिमाहीत ‘आला नाही’ या रकान्यात जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना त्याला अर्धांगवायू झाल्यावर रुग्णालयात दाखल करून घेईल; तो टाळणारी महिन्याची गोळी तिच्या कक्षेत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी तरतुदीचा दोन तृतीयांश किंवा अधिक हिस्सा प्राथमिक सेवेला द्यावा असे म्हटले, ते याच कारणासाठी.

सरकारने काय करावे हे सांगताना व्यवसायातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या टेबलावरून सुरुवात करायला हरकत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाचा बीपी, तो कशासाठीही आलेला असो, वर्षातून एकदा तरी मोजावा. बीपी आणि मधुमेहाच्या रुग्णांची वेगळी नोंदवही ठेवून महिनाअखेरीस न आलेल्यांची नावे काढावीत आणि कंपाउंडर किंवा रिसेप्शनिस्टकरवी त्यांना फोन करावा. ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य तेव्हाच ऐकू येते. ज्याला गोळ्या परवडत नाहीत, त्याला जवळच्या आरोग्य केंद्राचा रस्ता चिठ्ठीसह दाखवावा. रुग्ण हातचा जाईल ही भीती बाजूला ठेवावी लागेल. तालुक्याच्या वैद्यकीय संघटनांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बसून खाजगी दवाखान्यातले रुग्ण सरकारी नोंदीत कसे येतील, हे ठरवावे. मराठवाड्यातल्या शाखांना तर मुदतही ठरलेली आहे. टोळ्या ऑक्टोबरपासून निघू लागतात. मजुराला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणे आणि कारखान्याच्या गावच्या केंद्रात चालेल असे कार्ड त्याच्या हाती ठेवणे, या दोन गोष्टींचा पत्रव्यवहार जूनमध्ये सुरू झाला तरच तो गळीत हंगामाच्या आत संपेल.