फुटबॉलचा हंगाम कायमचा उन्हाळ्यात ढकलू नका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. क्रिकेटवर आपण रोज बोलतो, आज पाच मिनिटं फुटबॉलसाठी काढा.

यंदाची इंडियन सुपर लीग १४ फेब्रुवारीला सुरू झाली. आदल्या वेळी ती १३ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली होती आणि १२ एप्रिल २०२५ ला मोहन बागानने बंगळुरूला २-१ असं हरवून चषक उचलला होता. म्हणजे हंगाम पाच महिने पुढे गेला. आणि आता काही जण म्हणायला लागलेत, "बरंच झालं की! पाऊस टळला, उत्तरेतलं धुकं टळलं. कायमचंच फेब्रुवारी ते मे करून टाका." मी कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस. इथं टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत फुटबॉलवर मत नसलेला माणूस सापडणं अवघड. त्यामुळे हे रोज ऐकतोय. माझं मत सरळ आहे: असं अजिबात करू नका.

आधी हे लक्षात घ्या की हा हंगाम कुणी विचार करून पुढे नेलेला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी एफएसडीएल यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे २०१० पासून माहीत होतं. पंधरा वर्षं होती हातात! तरी जुलै २०२५ उजाडला आणि नवा करार नाही. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात. एफएसडीएलने लीग थांबवली. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये निविदेची मुदत संपली, तर एकही बोली नाही. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. शेवटी जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी तारीख सांगितली: १४ संघ, ९१ सामने. म्हणजे एका संघाच्या वाट्याला फक्त १३ सामने. आदल्या हंगामात साखळीतच २४ होते.

वरातीमागून घोडं आलं, आणि आपण म्हणतोय हाच खरा मुहूर्त. अहो, याला नियोजन म्हणत नाहीत.

नियोजन कसं असतं ते जपानकडे बघा. १९९३ पासून त्यांची जे-लीग वसंतात सुरू होऊन वर्षाअखेर संपायची. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ठरवलं की २०२६ पासून हंगाम ऑगस्टमध्ये सुरू करायचा आणि मे-जूनच्या सुमारास संपवायचा, मध्ये हिवाळी सुट्टी. कारणं दोन. भर उन्हाळ्यात खेळाडूंची दमछाक होते, आणि आशियातल्या व युरोपातल्या वेळापत्रकाशी मेळ बसत नाही. उत्तरेकडच्या बर्फाळ भागातल्या क्लबांच्या अडचणी होत्याच, त्यावर चर्चा झाली. अडीच वर्षं आधी निर्णय, मधल्या काळासाठी वेगळी छोटी स्पर्धा. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये असंच ठरवलं, अंमलबजावणी २०२७ पासून. आशियाई चॅम्पियन्स लीग तर २०२३ पासूनच या चक्रावर आहे. म्हणजे जग ज्या हंगामाकडे चाललंय, तो आपल्याकडे आधीपासून होता. आणि आपण तो सोडायला निघालोय!

आता उन्हाचं बोलू. "मॅच रात्री असतात, ऊन कुठंय?" असं म्हणतात. ऊन नसतं, दमटपणा असतो. एप्रिल-मेमध्ये कोलकाता, कोची, चेन्नई, मडगाव इथं संध्याकाळी साडेसातला नुसतं उभं राहिलं तरी शर्ट अंगाला चिकटतो. म्हणूनच फिफा नुसतं तापमान बघत नाही, उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजते आणि तो आकडा ३२ च्या वर गेला की खेळ थांबवून पाण्याची सुट्टी द्यायला सांगते. शिवाय खेळाडू फक्त मॅचला पळत नाही. रोजचा सराव आहे, कोचीहून गुवाहाटी, तिथून जमशेदपूर असा प्रवास आहे. आणि प्रेक्षक? तो भर दुपारी घर सोडतो तेव्हा स्टेडियमला पोचतो.

यावर हमखास येणारा टोमणा: "तुमच्या कोल्हापुरात मे महिन्यापर्यंत मॅच होतात की, कुणी मेलं का?" होतात. शाहू स्टेडियमवर होतात आणि गर्दीही होते. पण दुसऱ्या हाफमध्ये शेवटची वीस मिनिटं बघा, निम्मी पोरं चालत असतात. हंगाम थंडीत सुरू होतो, स्पर्धा एकामागून एक लागतात आणि पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं असतं, म्हणून मे गाठावा लागतो. ती आमची मजबुरी आहे, तिचा आदर्श कसला घेताय? आणि तुमची मोठी लीग याच महिन्यांत आली तर ती आमच्या तालमींच्या स्पर्धांच्या, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आणि मार्चअखेर सुरू होणाऱ्या आयपीएलच्या एकदम समोर उभी राहणार. आयपीएलपुढे टीव्हीवर कोण टिकलंय आजवर? जाहिरातदार नाही म्हणून आधीच लीग रडते, त्यात ही भर.

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मात्र खरं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिल्लीची हवा श्वास घ्यायच्या लायकीची नसते. त्या हवेत कुणालाही पळवणं गुन्हा आहे. पण त्यावर उपाय आहे. उत्तरेतल्या संघांचे त्या महिन्यांतले सामने बाहेरगावी ठेवा, घरचे फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. एका शहराच्या धुरासाठी सगळ्या देशाला मे महिन्यात पळवायचं कारण नाही. पावसाचा बाऊही नको. मोहन बागानने अनवाणी खेळून आयएफए शिल्ड जिंकली ती २९ जुलै १९११ ला, ऐन पावसाळ्यात.

उशिराची किंमत कोण भरतं, तेही बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्ड्यावर भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. लीग नव्हती म्हणूनच हरलो, असं मी म्हणणार नाही. पण महिनोन्‌महिने लीगचे सामने न मिळालेली पोरं घेऊन आपण तिथं उतरलो, हे नाकारता येतं का? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तेव्हापासून इथल्या शेकडो आईबापांना वाटायला लागलं की या खेळात पोटापाण्याचं काहीतरी आहे. त्यांना आता काय सांगायचं? हंगाम कधी सुरू होईल ते जानेवारीत कळेल, पगार तोवर देवाच्या भरवशावर?

माझी मागणी छोटी आहे. लीग ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. प्रत्येक संघाला किमान २४ सामने. तारखा दोन वर्षं आधी जाहीर. आणि बदल करायचाच असेल तर आधी खेळाडूंना विचारा, मग क्लबांना, शेवटी टीव्हीवाल्यांना.

यंदाचा हंगाम नाइलाज म्हणून खेळून घेऊ. पुढच्या वर्षी मात्र दसऱ्याच्या आसपास शिट्टी वाजली पाहिजे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर भांडा.