बाळ जगलं तर 250 रुपये

माझ्या पगारात 'व्हेरिएबल पे' नावाचा एक तुकडा असतो. रेटिंग आलं की तो वाढतो किंवा घटतो, आणि आम्ही आठवडाभर कॅन्टीनमध्ये कुरकुरतो. पण घरभाडं थकत नाही, कारण त्याखाली पक्का पगार असतो. आता तो पक्का पगार काढून टाका. 2005 मध्ये आशा योजना सुरू झाली ती याच हिशोबावर: जेवढी कामं, तेवढे पैसे.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोकणकड्यावर आहुपे आहे. महादेव कोळ्यांचं गाव, पावसाळ्यात धुक्यात बुडालेलं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईने 42 दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळ तपासायचं. सहा फेऱ्यांचे मिळून 250 रुपये, म्हणजे फेरीला जेमतेम 42. सपाटीवरच्या मंचरला हाच दर, कड्यावरच्या आहुप्यालाही हाच. चढ, चिखल आणि पाऊस कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

2011 च्या मार्गदर्शक सूचनांत तर या पैशांसाठी एक अट होती: बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवेत. म्हणजे चार फेऱ्या मारल्यावर बाळ दगावलं, तर तिच्या वाट्याला दुःखही आणि शून्यही. आमच्याकडे सर्व्हर पडला म्हणून कुणाचा अख्खा पगार कापला, तर ऑफिस पेटून उठेल.

"पक्का पगार दिला तर काम कोण करेल?" हा प्रश्न ठरलेलाच. शिक्षकाला, तलाठ्याला, मला तो कुणी विचारत नाही. शिवाय आकड्याला पैसे लावले की लोक आकडा सांभाळतात. घाबरलेल्या सुनेची समजूत काढण्यात गेलेल्या दुपारीला दर नाही, आणि बाळं वाचतात ती अशाच दुपारींमुळे. कर्मचाऱ्यांना एकमेकांविरुद्ध क्रमवारीत उभं करणं मायक्रोसॉफ्टनेही 2013 मध्ये थांबवलं.

"आशाताईंना कामातच समाधान मिळतं," असंही ऐकवलं जातं. मिळत असेलही. पण ते समाधान तिचं आहे. सरकारने ते पगारातून वळतं करून घेऊ नये. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. तरी 2023-24 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना दोनदा संप करावा लागला, तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये महिना 5,000 रुपयांची वाढ मंजूर झाली. कागदावर मात्र त्या अजून 'स्वयंसेविका'च.

प्रोत्साहन भत्ता जरूर द्या. पण आधी पगार द्या. पायाखाली जमीन नसलेल्या माणसाला आणखी उंच उडी मारायला सांगणं, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.