टॉर्चआधी हवेची वाट

घरच्या घरी काचेचे मणी करणाऱ्या मुली-बायका आता मला शहरोशहरी भेटतात. कुणी क्लास लावलेला असतो, कुणी व्हिडिओ बघून शिकलेली असते. गॅसच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवायची, तो वितळलेला थेंब स्टीलच्या सळईवर गुंडाळायचा, फिरवत फिरवत गोल करायचा, वर दुसऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे. लॅम्पवर्क म्हणतात ते हेच. काम सुंदर आहे, जागा फार लागत नाही, आणि हाताला वळण बसलं की चार पैसेही मिळतात. या सदरात मी घरून चालणाऱ्या कामांबद्दल लिहिते, आणि हे काम वाढावं असंच मला वाटतं. म्हणूनच एका गोष्टीवर आज अडून बसायचं आहे.

नवशिक्याला सामानाची यादी मिळते. टॉर्च, रेग्युलेटर, कांड्या, सळया, पिवळा उजेड अडवणारा चष्मा, मणी हळूहळू निववायची छोटी भट्टी. सगळ्यात खाली एक ओळ असते, खोली हवेशीर असावी. पैसे वरपासून खर्च होत येतात आणि या ओळीपाशी संपतात. मग खिडकी उघडली जाते, पंखा लावला जातो, आणि झालं हवेशीर. माझं म्हणणं असं की यादी उलटी करा. आधी हवा जायची वाट, नंतर टॉर्च. जिच्याकडे दोन्हींचे पैसे नाहीत तिने टॉर्च पुढच्या वर्षी घ्यावा.

कारण सांगते. ‘घरात गॅसची शेगडी जळतेच की’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. शेगडीची ज्योत हवेवर जळते आणि 2000 अंशांच्या आतच राहते. ऑक्सिजन जोडलेल्या टॉर्चची ज्योत 2800 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. एवढ्या उष्णतेत ज्योतीभोवतीच्या हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाका-घशात न अडकता तो थेट फुफ्फुसात खोल उतरतो. जास्त प्रमाणात गेला तर त्रास लगेच दिसेलच असं नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी छाती भरते. कमी प्रमाणात रोज गेला तर दमेकऱ्यांचा दमा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या वायूची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमवरून थेट 10 वर आणली. आपल्याकडच्या 2009 च्या मानकात ती 40 आहे. शिवाय काही रंग खुलवण्यासाठी ज्योतीत मुद्दाम ऑक्सिजन कमी ठेवतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि त्याला वासच नसतो. शेगडीपाशी आपण उभे राहतो, येतो-जातो. टॉर्चपाशी तोंड हातभर अंतरावर ठेवून तासन्‌तास बसतो. ही दोन कामं एका मापाने मोजता येत नाहीत.

काच आणि हवा यांचं भांडण जुनं आहे, आणि ते पाहायचं तर फिरोजाबादकडे पाहावं. आपल्याकडच्या लग्नातला हिरवा चुडा बहुतेक वेळा तिथूनच येतो. कारखान्यात काचेची गुंडाळी कापली की बांगडी उघड्या तोंडाची बाहेर पडते. तिची टोकं ज्योतीवर धरून जोडायचं काम, तिथे त्याला जुडाई म्हणतात, ते वस्तीतल्या घरांत चालतं. बायका करतात, मुलंही करत आली आहेत. त्या खोल्यांत उन्हाळ्यातही पंखा बंद असतो, कारण पंख्याने ज्योत हलते आणि जोड बिघडतो. कारखान्यांच्या भट्ट्यांच्या धुरावर देशाने निदान कोर्टात तरी विचार केला. ताजमहालाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 ला आग्रा परिसरातल्या उद्योगांना कोळसा सोडायला सांगितला. घरातल्या त्या ज्योतीचा धूर मात्र कुणाच्याच हिशेबात आला नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हौसेने मणी करणारी मुलगी आणि तिथली जुडाई करणारी बाई यांच्यात पैशाचं अंतर फार मोठं आहे. अडचण मात्र दोघींची एकच आहे: ज्योतीला वारा नको आणि माणसाला हवा हवी.

ही अडचण सुटते, आणि कमी खर्चात सुटते. फक्त एक गोष्ट आधी पटली पाहिजे. देवापुढची निरांजनाची वात हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. विझत नाही. फुंकलेली हवा लांब जाते. ओढलेली हवा अगदी तोंडाजवळचीच येते. पंख्याचंही तसंच. नळीच्या तोंडापासून नळीच्या व्यासाइतकं अंतर गेलं की ओढण्याचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे सहा इंची नळी ज्योतीपासून दोन फुटांवर टांगली तर ती असून नसल्यासारखी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारावर बसवलेला एक्झॉस्ट तर त्याहून वाईट. तो धूर तुमच्या तोंडावरून खोलीभर फिरवून मग बाहेर नेतो.

म्हणून टेबल खिडकीशी न्या. सगळ्यात स्वस्त उपाय हाच. टेबल खिडकीला टेकवून, टॉर्चचं तोंड खिडकीकडे करून बसा. आपल्या स्लायडिंग खिडक्या निम्म्याच उघडतात, तर त्या उघड्या अर्ध्या भागात ॲल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा तुकडा घट्ट बसवून त्यात पंखा लावायचा. मग टॉर्चभोवती खोकं करायचं: मागे पंखा, दोन्ही बाजूंना आणि वर जी.आय. पत्रा, पुढून उघडं. वरचा पत्रा पुढे तुमच्याकडे थोडा आलेला हवा, पण तोंड त्याच्या आत जाता कामा नये. ज्योतीच्या आसपास प्लायवूड नको. टेबलावर सिमेंट बोर्ड टाका. फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलं तर एका दिवसाचं काम आहे.

पंखा केवढा घ्यायचा हे खोलीवर नाही, या खोक्याच्या तोंडावर ठरतं. तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. एवढ्याने धूर बाहेर पडतो आणि ज्योत हलत नाही. तोंड 60 सेंटीमीटर रुंद आणि तेवढंच उंच असेल तर ताशी साधारण 650 घनमीटर हवा लागते. पंख्याच्या वेष्टनावरचा आकडा मात्र पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. जाळी, झडप, पावसाचं छप्पर यांत बरंच जातं. म्हणून जवळपास दुप्पट, ताशी 1200-1300 घनमीटरचा घ्या. बारा इंची, धातूच्या पात्यांचा साधा एक्झॉस्ट या कामाला पुरतो, दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. वेष्टनावरचा आकडा सीएफएममध्ये असेल तर त्याला 1.7 ने गुणा. खोक्याचं तोंड दीडपट केलंत तर हवाही दीडपट लागेल हे विसरू नका. खर्च वाचवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तोंड लहान ठेवणं.

खिडकीशी टेबल बसतच नसेल तर नळी आली, आणि नळी आली की साधा पंखा चालत नाही. त्याच्यात ढकलायचा जोर नसतो. नळीला ब्लोअर लागतो. नळी सरळ, गुळगुळीत, आखूड घ्या. सुरकुत्यांची फॉइलची नळी स्वस्त दिसते, पण हवा तिच्यातच अडते. तेवढीच हवा सहाऐवजी आठ इंची नळीतून नेली तर अडथळा जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. तिथे पैसे वाचवू नका.

आता ज्या बाबतीत बहुतेक जणी चुकतात ती गोष्ट. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते. एसीची थंड हवा जाऊ नये म्हणून दार लावून, फटी बुजवून बसलं तर पंखा गरगरत राहतो आणि हवा हलत नाही. तुमच्या पाठीमागे, शक्यतो समोरासमोर, निदान खोक्याच्या तोंडाएवढी उघडी जागा हवी. हवा पाठीकडून यावी, खांद्यावरून ज्योतीकडे जावी आणि बाहेर पडावी. बाजूने आली तर ज्योत हलते, आणि मग बाई वैतागून पंखाच बंद करते. छताचा पंखा कामापुरता बंद. आणि घरात गॅस गीझर असेल तर फारच सावध राहा. बंद घरातून जोरात हवा ओढली की ती मिळेल तिथून आत येते, आणि गीझरच्या धुराड्यातून उलटीही येऊ शकते. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो. टॉर्च चालू असताना गीझर चालू नको, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

ओळखीच्या एका मुलीकडे परवा गेले होते. खोकं, पंखा, सगळं नीट केलेलं होतं. ‘काकू, वास अजिबात येत नाही बघा,’ ती म्हणाली. नाक थोड्या वेळात सरावतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही, म्हणून आम्ही टॉर्च बंद ठेवून अगरबत्ती लावली. ज्योत जिथे असते तिथे धरली. धूर सरळ वर निघाला, खोक्याच्या वरच्या कडेपाशी आला, तिथे वळसा घेऊन अर्धा तिच्या कपाळाकडे परतला. पंखा उत्तम चालला होता. खिडकीला बाहेरून मच्छरांची बारीक जाळी होती आणि तिच्यावर रस्त्याच्या धुळीचा राखाडी थर बसला होता. जाळी काढून धुतली, मागचं दार उघडलं. मग धूर दोरीसारखा आडवा होऊन पंख्यात गेला. अशी परीक्षा महिन्यातून एकदा घ्या, आणि पावसाळा सुरू झाला की पुन्हा घ्या. पश्चिमेकडच्या खिडकीत पावसाळी वारा पंख्याला उलटा ढकलतो.

हवा बाहेर कुठे जाते हेही तुमचंच काम आहे. इमारतीच्या डक्टमध्ये सोडू नका. तिथे वरच्या-खालच्या सगळ्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, आणि तुमचा धूर शेजारच्या तान्ह्या बाळापर्यंत जाईल. बाल्कनीत बसलं की प्रश्न मिटला असंही नाही. वारा कधी धूर घेऊन जातो, कधी तोंडावर आणून टाकतो.

विकत घेऊन फसवणूक होते अशा काही वस्तू आहेत. नळी नसलेली, कोळशाच्या जाळीची किचन चिमणी तेलकटपणा धरते आणि हे वायू परत खोलीत सोडते. एअर प्युरिफायर धूळ पकडतो. एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जरूर लावा, पण त्याला नायट्रोजन डायऑक्साइड कळत नाही, तेव्हा तो गप्प आहे म्हणजे हवा चांगली आहे असं समजू नका.

एक्झॉस्ट म्हणजे गॅसगळतीवरचा उपाय नव्हे, हे वेगळं सांगायला हवं. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड; गळला की जमिनीवर साचतो, खिडकीतल्या पंख्यापर्यंत चढत नाही. गळतीचा वास आला तर पंख्याचं बटणही दाबू नका, ठिणगी पडते. सिलिंडर उभा, मोकळ्या जागेत, जमिनीलगत हवा जायची फट असेल तिथे ठेवा आणि काम संपलं की मुख्य बटण बंद करा. मणी विकत असाल तर घरगुती सिलिंडर वापरणं नियमात बसत नाही. ऑक्सिजनसाठी कॉन्सन्ट्रेटर वापरत असाल, करोनानंतर ते घरोघरी पडून आहेत, तर त्याच्या जोडांना तेलाचं बोट लागू देऊ नका. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की आग लागू शकते.

सळईला लावायच्या लेपाची पूड आणि इनॅमलची पूड कोरडी उडवू नका. पहिलीत सिलिका असते, दुसरीत कधी शिसं, कधी कॅडमियम. मणी पाण्यात बुडवून साफ करा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू नको. चांदी-सोन्याची वाफ काचेवर चढवण्याचं काम मला विचाराल तर घरात करूच नये.

पंखा टॉर्चच्या आधी लावायचा आणि टॉर्च विझल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. एवढ्याने काम भागतं.

जे क्लास घेतात आणि जे सामान विकतात त्यांना माझी विनंती आहे, आणि ती मी आग्रहाने करते आहे. पहिला तास टॉर्चचा न ठेवता अगरबत्तीचा ठेवा. विद्यार्थिनीला तिच्या खोलीचा फोटो आणायला सांगा, खिडकी कुठे, मागचं दार कुठे, गीझर कुठे हे तिच्याबरोबर बसून बघा, आणि हवेची सोय झाल्याशिवाय टॉर्च हातात देऊ नका. एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. आणि ज्यांच्या घरी आज टॉर्च आहे पण खोकं आणि पंखा नाही, त्यांनी ते होईपर्यंत टॉर्च पेटवू नये.