हिरड्यांची उपेक्षा कोणाला परवडते?

वार्धक्य आले की दात हलणार, पडणार आणि अखेर कवळी बसणार, हा क्रम आपण निसर्गनियम म्हणून स्वीकारला आहे. वस्तुतः दात पडणे हा वयाचा धर्म नव्हे. बहुधा त्यामागे कीड असते किंवा हिरड्यांचा जुनाट रोग, म्हणजे पायोरिया. हा रोग सहसा दुखत नाही. दात घासताना रक्त येते, तोंडाला दुर्गंधी येते आणि दाताभोवतीचे हाड मुकाट्याने झिजत जाते. मिश्री वा तंबाखूची सवय त्यात भरच घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १०० कोटी लोकांना हिरड्यांचा गंभीर रोग आहे.

प्रश्न केवळ दातांचा नाही. चावता येईनासे झाले की भाकरी, शेंगदाणे आणि मोडाची कडधान्ये ताटातून नाहीशी होतात व वृद्धाचे पोषण खालावते. मधुमेहाशी तर या रोगाचे दुहेरी नाते आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. हिरड्यांवर उपचार केल्यास साखरेचे प्रमाण काहीसे उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. हृदयविकाराशीही संबंध आढळतो. मात्र तेथे कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हे नमूद केले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे आपला हिशेब उलटा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना आयुष्मान भारत योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे आणि दातांवरचे किटण काढून घेण्यासाठी कोणी दाखल होत नाही. म्हणजे स्वस्त प्रतिबंधाचा खर्च निवृत्तिवेतनातून आणि महागड्या परिणामांचा सरकारी तिजोरीतून, अशी ही वाटणी झाली. ज्याला निवृत्तिवेतनच नाही, त्याने काय करावे?

दंतवैद्य शहरांत एकवटले आहेत, खेड्यांत तपासणी कोण करणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. पण अखेरचा नव्हे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी अभिप्रेत आहे. कर्करोगासाठी तोंड उघडून पाहावेच लागते. त्याच वेळी हिरड्यांतून रक्त येते का, दात हलतात का, एवढे पाहून नोंदवायला वेगळे यंत्र लागत नाही. मधुमेही वृद्धाच्या केसपेपरवर हिरड्यांचा एक रकाना असावा आणि गरजूला दंतचिकित्सेची सोय असलेल्या शासकीय रुग्णालयाकडे रीतसर पाठवावे. आयुर्मान वाढविल्याचा अभिमान बाळगणाऱ्या शासनाने त्या वाढीव वर्षांत माणसाला घास चावता यावा, याचीही जबाबदारी पत्करली पाहिजे.