कोलोन आणि टोकियो : याला समेट म्हणू नका

कोलोन आणि टोकियो या दोन कॅथलिक महाधर्मप्रांतांनी १९५४ मध्ये भगिनीसंबंध जोडला. कोलोनचे कार्डिनल योसेफ फ्रिंग्ज आणि टोकियोचे आर्चबिशप पीटर तात्सुओ दोई हे त्याचे शिल्पकार. ही हकिकत सांगताना ‘युद्धोत्तर समेट’ हे शब्द जिभेवर सहज येतात. इतिहासप्रेमी मित्रांनो, ते गिळून टाका.

समेट भांडलेल्यांत होतो. १९१४ मधली त्सिंगतावची लढाई सोडली, तर जर्मनी आणि जपान भांडले कधी? २७ सप्टेंबर १९४० रोजी बर्लिनमध्ये इटलीसह करार करून ते एकाच बाजूने युद्धात राहिले. खरा समेट पाहायचा असेल तर १८ नोव्हेंबर १९६५ चे पोलिश बिशपांचे जर्मन बिशपांना लिहिलेले पत्र पाहा. क्षमा देणे आणि क्षमा मागणे, दोन्ही त्यात आहे. आणि त्याबद्दल मायदेशातल्या कम्युनिस्ट सरकारचा रोषही त्या बिशपांनी ओढवून घेतला.

‘श्रीमंत युरोपने गरीब आशियाला दान दिले’ ही दुसरी सोपी मांडणी. तीही टिकत नाही. १९४५ मध्ये कोलोनचा मध्यभाग जवळजवळ भुईसपाट झालेला होता. १९४६ च्या अखेरच्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, याच फ्रिंग्ज यांनी प्रवचनात सांगितले, की श्रम करून वा विनंती करून जे मिळत नाही, ते जीव जगवण्यापुरते घेण्याची गरजूला मुभा आहे. लोक मालगाड्यांवरचा कोळसा उतरवू लागले आणि त्या कृत्याला जर्मन भाषेत ‘फ्रिंग्जेन’ असे क्रियापदच मिळाले. कार्डिनलच्या नावाचे क्रियापद, आणि त्याचा अर्थ चोरी! त्यानंतर आठच वर्षांनी त्यांचा धर्मप्रांत टोकियोसाठी पैसा उभा करू लागला. तेव्हा कोलोनच्या स्वतःच्या कॅथेड्रलची डागडुजीही पुरी झालेली नव्हती. ती १९५६ मध्ये झाली.

टोकियोचे सेकिगुची येथील लाकडी गॉथिक कॅथेड्रल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले होते. त्याच जागी केन्झो तांगे यांनी रचलेले, पोलादी पत्र्याने मढवलेले नवे सेंट मेरी कॅथेड्रल १९६४ मध्ये उभे राहिले. त्यात कोलोनच्या देणग्यांचा मोठा वाटा होता. वास्तुकलेच्या पुस्तकांतील छायाचित्रांमुळे आपली नजर याच इमारतीवर खिळते, आणि गोष्ट तिथेच संपवली जाते.

माझ्या मते ती तिथे सुरू होते. १९७९ मध्ये संबंधाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा कार्डिनल योसेफ होफनर आणि आर्चबिशप शिरायानागी यांच्या धर्मप्रांतांनी ठरवले, की आता दोघांनी मिळून ब्रह्मदेशातील चर्चला साहाय्य करायचे. तेथील चर्चची गरज उघड होती. ने विन यांच्या राजवटीने मिशनरी शाळा ताब्यात घेतल्या होत्या आणि १९६६ मध्ये स्वातंत्र्यानंतर आलेल्या परदेशी धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले होते. घेणारा आता देणारा झाला.

आणि कोणाला देणारा? १९४२ ते १९४५ या काळात जपानी सैन्याने व्यापलेल्या देशाला. सयाम–ब्रह्मदेश रेल्वे बांधताना हजारो युद्धकैदी आणि त्यांहून कितीतरी अधिक आशियाई मजूर मेले, तो हा देश. मदतीच्या त्या निर्णयाला प्रायश्चित्ताचे लेबल मी लावणार नाही. पण कोलोन व टोकियोच्या ढिगाऱ्यांचीच छायाचित्रे दाखवत राहिले, की दोन्ही शहरे केवळ बळी ठरतात आणि त्यांच्या सैन्यांनी इतरांच्या शहरांचे काय केले हा प्रश्न चौकटीबाहेर पडतो. ब्रह्मदेश तो प्रश्न चौकटीत आणतो.

टोकियोत तो प्रश्न पुढे उच्चारलाही गेला. सप्टेंबर १९८६ मध्ये आशियाई बिशपांच्या महासंघाची परिषद तिथे भरली असता, आशिया आणि पॅसिफिकमधील जनतेवर जपानने आणलेल्या संकटाबद्दल जपानी बिशपांच्या वतीने क्षमायाचना करण्यात आली. ती करणारे तेच आर्चबिशप शिरायानागी होते. ‘समेट’ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो १९५४ च्या कोलोनसाठी खर्च करू नका. १९८६ च्या या सभेसाठी राखून ठेवा.