गणनेचे दार विश्वासाने उघडते

काशीच्या पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे मंदिर आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा लगतचा परिसर मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीचा. अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना बिलगलेली उंच घरे पाहून येथे माणसे राहतात तरी किती, असा प्रश्न नवख्याला पडावा. दोनशे वर्षांपूर्वी तो कंपनी सरकारलाही पडला होता.

१८०० च्या सुमारास शहराच्या कोतवालाने काशीची लोकसंख्या सुमारे ५ लाख ८२ हजार असल्याचे कळविले. घरे मोजलेली होती. माणसे मात्र घरामागे अंदाजाने धरलेली. पुढे बनारसच्या टांकसाळीतील धातुपरीक्षक जेम्स प्रिन्सेप यांनी १८२० च्या दशकात मोहल्लावार गणना केली आणि आकडा सुमारे १ लाख ८० हजारांवर आला. नाण्याचा कस पाहणाऱ्या या गृहस्थांनी आकड्याचाही कस पाहिला.

हे काम सोपे नव्हते. १८१० साली लादलेल्या घरपट्टीविरुद्ध काशीकरांनी व्यवहार बंद ठेवून सरकारला नमविले होते. अशा शहरात वही घेऊन दारी आलेल्या माणसाकडे संशयानेच पाहिले जाणार!

त्यानंतर आपण बराच पल्ला गाठला. १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर एकाच वेळी गणना होत आली. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत माहितीला गोपनीयतेचे संरक्षण दिले. मात्र महासाथीमुळे २०२१ ची गणना लांबली. अन्नसुरक्षा कायद्यातील लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या गणनेवरून ठरलेली आहे. जे त्या गणनेत नव्हते, त्यांच्या ताटाचा हा प्रश्न आहे. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरली असून तीत वहीची जागा मोबाइल घेणार आहे.

यंत्राने वेग येईल. खरेपणा मात्र सांगणाऱ्याच्या मनातूनच यावा लागेल. बँकेच्या खिडकीवरही आपला हाच अनुभव आहे. माहिती कशासाठी हवी, हे कर्मचाऱ्याने आपुलकीने सांगितले की ग्राहक मोकळेपणाने अर्ज भरतो. प्रगणकाने तेवढा वेळ द्यावा, शासनाने गोपनीयतेचा शब्द पाळावा आणि आपण खरे उत्तर द्यावे. राष्ट्राचा हिशेबही अखेर घराघरांतील नोंदींवरच जुळतो.