वरणाची वाटी आणि कोयनेचा भूकंप



"बाई, धरणात पाणी साठलं की जमीन हलते, हे खरं का?" कराड-पाटण भागातल्या कुठल्याही शाळेत जा, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. घरी आजी सांगते, शेषनागानं डोकं हलवलं. शेजारचे काका सांगतात, धरणाचं ओझं जमिनीला पेलवत नाही. आजीची गोष्ट ऐकायला छान आहे. काकांचं म्हणणं मात्र जरा तपासून बघू या.

आधी ओझं किती ते मोजू. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आज सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. पावसाळ्यात बातम्यांत हा शब्द रोज येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच जवळजवळ २८३१ कोटी लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. आता गुणाकार करा बघू! उत्तर येतं सुमारे २९८ कोटी टन. पाच टनांचा एक हत्ती धरला तर साठ कोटी हत्ती झाले की! एवढे हत्ती साऱ्या जगातही नाहीत.

म्हणजे काकांचं बरोबर? थांबा. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर उजनी धरण आहे. त्यात कोयनेहून जास्त, सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. पण कोयनेसारखे भूकंप तिथे होत नाहीत. मग नुसत्या ओझ्याचा हा खेळ नसणार.

यासाठी एक प्रयोग करा, तोही जेवताना! स्टीलची, बुडाला कडा असलेली वाटी घ्या. ओट्यावर थोडं पाणी सांडा आणि आईला त्या वाटीत गरमागरम वरण वाढायला सांगा. वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की कधी कधी आपली आपणच सरकायला लागते. कुणी ढकललेलं नसतं! बुडाच्या कडेत थोडी हवा अडकते. पाण्यामुळे तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. वरणाच्या उष्णतेनं ती हवा फुगते आणि वाटीला किंचित वर उचलते. घर्षण कमी होतं, आणि ओटा जराही उतरता असला की वाटी निघाली! (वरण सांडलं तर माझं नाव सांगू नका.)

कोयनेच्या खाली असंच काहीसं घडतं. फक्त तिथे हवेऐवजी पाणी आहे आणि वाटीऐवजी कित्येक किलोमीटर लांबीचे खडक. आपला सारा भारत देश दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयापाशी रेटा देतो आहे. त्या रेट्यानं खोलवरच्या खडकांवर ताण येतो. जिथे खडकात जुनी भेग असते, तिथे दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट दाबून अडून बसलेल्या असतात. धरणाचं पाणी फटींतून खोल झिरपतं, त्याचा दाब भेगेच्या दोन्ही बाजू जराशा सैल करतो आणि अडलेला खडक झटक्यात सरकतो. ताण आधीपासून होताच. पाण्यानं फक्त अडसर काढला. जिथे अशी ताणलेली भेगच नाही, तिथे कितीही पाणी साठवा.

असा सगळ्यात मोठा झटका बसला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. त्याची तीव्रता होती ६.३. धरणाच्या पाण्यानं चेतवलेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून शास्त्रज्ञ साधारणपणे याचंच नाव घेतात. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात भेगा पडल्या, पण भिंत उभी राहिली. पुढे तिला मागच्या बाजूनं आधार देऊन भक्कम केलं गेलं. तेव्हा ‘धरण फुटलं’ अशी आवई कुणी उठवली, तर तुम्ही लगेच पळत सुटू नका.

तीव्रतेच्या आकड्याचीही एक गंमत आहे. आकडा एकनं वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोननं वाढला तर सुमारे हजार पट! म्हणून ४.३ चा धक्का पाहून ‘६.३ म्हणजे याच्या दीडपट’ असं गणित करायचं नाही.

शास्त्रज्ञांनी या खडकात डोकावूनही पाहिलं आहे. कोयनेजवळ गोठणे इथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. आपल्या विहिरीच्या बोअरला तीनशे फूट गेलं तरी केवढी चर्चा होते! वर एक किलोमीटरहून जास्त जाडीचा काळा पाषाण लागला. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याखाली मात्र एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, सुमारे अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मधली कितीतरी कोटी वर्षं गायब! या कामाची प्रयोगशाळा आपल्या कराडजवळ हजारमाचीला आहे.

भूकंपाच्या लाटाही दोन प्रकारच्या. पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुसरी सुमारे साडेतीन. कोयनानगर ते कराड सरळ रेषेत ४८ किलोमीटर. म्हणजे पहिली लाट इथे आठ सेकंदांत येते, दुसरी चौदाव्या सेकंदाला. आधी हलका ठोका, मग सहा सेकंदांनी जोराचा हेलकावा. ते सहा सेकंद टेबलाखाली शिरायला पुरतात! डोकं हातांनी झाका, टेबलाचा पाय धरा. जिन्यावरून धावू नका. हलणं थांबलं की मग मोकळ्या मैदानात.

आणि पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. आकडा कोयनेच्या जवळपासचाच, पण तिथे हजारो माणसं गेली. माती-दगडांच्या जाड भिंती आणि वर जड माळवद, तेच झोपलेल्या माणसांवर कोसळलं. घर बांधताना फरशी कोणत्या रंगाची यावर आपण चार दिवस बोलतो. भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा आहे का, हे गवंड्याला एकदा तरी विचारा.

जमीन हलते हे आपल्याला कळतं कसं? आपल्या कानात दगड असतात म्हणून! आतल्या कानात अगदी बारीक स्फटिक असतात, अंड्याचं कवच ज्या पदार्थाचं असतं त्याच पदार्थाचे. शरीर हललं की ते मागे-पुढे होतात आणि मेंदूला वर्दी जाते. धक्का थांबल्यावरही काही जणांना थोडा वेळ डुलल्यासारखं वाटतं.

चंद्रावरही कंप होतात, बरं का! १९६९ ते १९७२ दरम्यान अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे यंत्रं ठेवली, त्यांनी ते नोंदवले. चंद्राचे खडक थंड आणि कोरडे. कंप लवकर विरत नाही, घंटेसारखा कित्येक मिनिटं घुमत राहतो. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमनेही २६ ऑगस्ट २०२३ रोजी एक कंप टिपला, तो नैसर्गिक असावा असं शास्त्रज्ञांना वाटलं. तिथे ना धरण, ना पाऊस. मग चंद्र कशानं हलतो? डोकं चालवा आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात.